बोलींची उतरंड आणि वावरातला माणूस

१

‘प्रादेशिक साहित्य’ हा शब्द मराठी समीक्षेत इतक्या सैलपणे वापरला जातो की तो प्रदेश नेमका कोणाचा, हा प्रश्नच त्यात विरघळून जातो. प्रदेश म्हटला की नद्या आल्या, डोंगर आले, पिके आली, सण आले आणि चवीपुरती बोली आली. एवढ्या सामग्रीवर ‘मातीचा गंध’ सिद्ध होतो आणि समीक्षक समाधान पावतो. त्या मातीत राबणारा कोण, ती माती ज्याच्या नावे आहे तो कोण, आणि हे दोघे एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलतात, हे विचारण्याची गरज त्याला भासत नाही. माझ्या मते प्रादेशिक साहित्याची समीक्षा इथूनच सुरू झाली पाहिजे. ज्या प्रदेशात माझा जन्म गेला त्या खानदेशाच्या आधाराने हा मुद्दा मांडण्याचा मी प्रयत्न करणार आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागात बोलीभाषांवर एक परिसंवाद झाला. मी श्रोत्यांत होतो. एक विद्वान वक्ते अहिराणीवर बोलले. सर जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात मराठीचा खंड सातवा. पण ‘खानदेशी’चा समावेश त्या खंडात न करता नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या भिल्ली भाषांच्या पुस्तकात केला गेला. याचा वक्त्यांना फार राग होता. “आमच्या अहिराणीला साहेबाने भिल्लांच्या पंगतीत बसवले,” असे ते म्हणाले. सभागृहाने मान डोलावली. तासाभराने तेच वक्ते चर्चेत पुन्हा उठले आणि पुण्या-मुंबईची माणसे अहिराणी ऐकून कशी हसतात, खानदेशी माणसाला कसे गावंढळ समजतात, याबद्दल व्यथित होऊन बोलले. सभागृहाने पुन्हा मान डोलावली.

सभागृहाच्या मागच्या रांगांत वसावे, पाडवी, वळवी, गावित अशा आडनावांची पंधरा-वीस मुले बसली होती. ती पहिल्या वेळीही गप्प होती आणि दुसऱ्या वेळीही. मीही गप्प होतो. माझ्या गप्प राहण्याचे कारण मी पुढे सांगणार आहे.

दोन्ही तक्रारी एकाच तोंडातून आल्या आणि त्यांतली विसंगती कोणालाच टोचली नाही. वरच्याने मला खाली ढकलले याचे दुःख खरे, आणि खालच्याच्या शेजारी मला बसवले याचा संतापही तितकाच खरा! बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेचे वर्णन श्रेणीबद्ध विषमता असे केले. तिच्यात प्रत्येक थराला वरच्याचा जाच असतो आणि खालच्याला तुच्छ लेखण्याचा अधिकारही असतो. म्हणून ती व्यवस्था उलथून टाकायला कोणताच थर पूर्ण मनाने तयार होत नाही. माझे म्हणणे असे की खानदेशातल्या भाषाही अशाच एकीवर एक रचलेल्या आहेत. ती उतरंड वावरात घडली आणि वावरातच टिकून आहे. आमच्या साहित्याने आणि समीक्षेने मात्र ‘लोकभाषेचे वैभव’ या गोड शब्दाखाली ती झाकून ठेवली.

२

ज्यांनी हा मुलूख पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. उत्तरेला सातपुडा, त्याच्या पायथ्याशी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारी तापी, आणि सातपुड्याच्या पलीकडच्या अंगाला, अक्कलकुवा-अक्राणीच्या टोकाला, नर्मदा. इंग्रजांनी १८१८ साली हा मुलूख घेतला. १९०६ साली त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले. पुढे ते जळगाव आणि धुळे झाले. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. २०११ च्या जनगणनेप्रमाणे नंदुरबार जिल्ह्यात दर शंभरांत एकोणसत्तर माणसे अनुसूचित जमातींची आहेत.

जमीन बदलते तशी भाषा बदलते. रावेर-यावलच्या काळ्या गाळाच्या जमिनीत केळी. मृगबाग आणि कांदेबाग हे तिथले लागवडीचे दोन हंगाम. तिथे लेवा पाटीदारांची स्वतंत्र बोली, शेजारी तडवी भिल्लांची वस्ती, आणि डोंगरात चढले की पावरी. धुळे, साक्री, अमळनेर, चाळीसगाव हा कापूस-ज्वारीचा पट्टा अहिराणीचा. शहादा-तळोद्याच्या सपाटीला ऊस, कापूस, मिरची; तिथे गुजर शेतकऱ्याच्या घरात गुजरी, चावडीवर अहिराणी, कचेरीत मराठी आणि शेताच्या बांधापलीकडच्या झोपड्यांत भिलोरी. नवापूरकडे पाऊस जास्त, तिथे भात, आणि मावची व कोकणा लोक. धडगावच्या डोंगरात उतारावरची ज्वारी, मका, बारीक तृणधान्ये, मोहाची फुले आणि उन्हाळ्यात वाळत घातलेले आमचूर. तिथे पावरी, नोयरी, वसावी.

हे वैविध्य पाहून कोणीही मोहून जाईल. पण वैविध्य हा शब्दच मुळात आडवा आहे. सगळ्या गोष्टी एका पातळीवर शेजारी शेजारी मांडल्या आहेत असे तो भासवतो. प्रत्यक्षात सपाटीची चांगली, पाण्याखालची जमीन एका बाजूच्या हाती आहे आणि त्या जमिनीतले हात दुसऱ्या बाजूचे आहेत. भाषांचा नकाशा आणि सातबाऱ्याचा उतारा एकमेकांवर ठेवून पाहिले की हे कळते.

साक्री भागातल्या पांझरा नदीवरची फड पद्धत हे याचे चांगले उदाहरण आहे. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे तीन किंवा चार फड. एका फडात एका वेळी एकच पीक, प्रत्येक खातेदाराचा तुकडा वेगवेगळ्या फडांत. पाटकरी पाणी देणार, जागल्या पीक राखणार, आणि पाणी कमी पडले तर तोटा सर्वांनी वाटून घ्यायचा. शेकडो वर्षे लोकांनी स्वतःच्या शहाणपणाने चालवलेली ही व्यवस्था. पाणीवाटपाचे अभ्यासक तिचे कौतुक करतात आणि ते योग्यही आहे. पण त्या कौतुकात एक वाक्य सुटते. समतेने वाटलेले ते पाणी खातेदारांत वाटलेले होते. ज्याचे खातेच नाही त्याला त्या समतेत पाय ठेवायलाही जागा नव्हती. पाटाच्या पाण्यात दिवसभर उभे राहणाऱ्याचा त्या पाण्यावर हक्क नव्हता.

याच्या उलट सातपुड्यात लाहाची रीत आहे. एकाच्या शेतात सगळ्या पाड्याने राबायचे, त्याने जेवू घालायचे, उद्या दुसऱ्याच्या शेतात. तिथे मजूर नाही आणि मालकही नाही. डोंगरातले जगणे सुखाचे होते असे मला म्हणायचे नाही. जंगल खाते, सावकार आणि आमचूर मातीमोलाने घेणारा व्यापारी यांनी ते सुखाचे ठेवलेच नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की शेतीचे शहाणपण म्हणून आमच्या पुस्तकांत फड आला तसा लाहा आला नाही. जो शब्द मालकाच्या भाषेत होता तो ज्ञान ठरला. जो शब्द भिल्लाच्या भाषेत होता तो चालीरीतींच्या यादीत गेला.

३

आता मी स्वतःबद्दल थोडे सांगतो. ते सांगितल्याखेरीज वरच्या गोष्टी कोणावर तरी बोट रोखण्यापुरत्या उरतील.

माझे वडील तापीकाठच्या एका गावी सालदार होते. साल धरणे म्हणजे वर्षभरासाठी स्वतःला बांधून घेणे. खानदेशात साल संपते आणि नवे साल ठरते ते आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. मराठी साहित्यात आखाजी पुष्कळ आली आहे. माहेरी आलेल्या लेकी, निंबाच्या झाडाला बांधलेले झोके, गौराईची गाणी, आमरस आणि पुरणपोळी. ही आखाजी खोटी नाही. मी ती लांबून पाहिली आहे. पण आमच्या घरी आखाजी म्हणजे हिशेबाचा दिवस. मालकाची वही निघे. वर्षात किती खाडे झाले, आईच्या दुखण्याला किती उचल घेतली, पावसाळ्यात खायला नेलेली ज्वारी सवाईने धरायची की दिढीने, हे सगळे वाचले जाई. वाचून झाल्यावर वडिलांच्या हाती काय पडेल हे वही मिटेपर्यंत कळत नसे. बहुतेक वेळा पुढच्या सालाची चिठ्ठी पडे.

त्या दिवशीची बैठक अजून डोळ्यांपुढे आहे. मालक ओट्यावर, माझे वडील ओट्याखाली जमिनीवर. आणखी मागे, गव्हाणीजवळ, दुसरा सालदार. तो भिल्ल होता. मालक आपल्या भावाशी आकडेमोड गुजरीत करत. वडिलांशी अहिराणीत बोलत. त्या भिल्ल सालदाराशीही अहिराणीतच बोलत, पण शब्द तोडून तोडून, लहान पोराशी किंवा जनावराशी बोलावे तसे. मालक माझ्या वडिलांना नाव अर्धे मोडून हाक मारत. आणि माझे वडील? ते त्या माणसाला ‘ए भिल’ म्हणून हाक मारत. तो वयाने त्यांच्यापेक्षा मोठा होता. त्याला नाव होते. ते मला कितीतरी वर्षांनी कळले.

माझ्या वडिलांनी शाळेच्या मास्तरांना एकदा मोठ्या अभिमानाने सांगितले होते, “मना आंडोर शाळामा जास.” मास्तर हसले आणि म्हणाले, आधी त्याला शुद्ध बोलायला शिकवा. वडिलांचा चेहरा मी पाहिला. त्या दिवसापासून मी अहिराणी गिळायला शिकलो. वर्गात मागे त्या भिल्ल सालदाराचा मुलगा बसे. एकदा मास्तरांनी त्याला काही विचारले आणि गोंधळून त्याने उत्तर आपल्या घरच्या भाषेत दिले. उत्तर बरोबर होते की चूक, हे कोणालाच कळले नाही. ते कळून घ्यावे असेही कोणाला वाटले नाही. सगळा वर्ग हसला. मास्तर हसले. मीही हसलो, आणि मला आठवते, जरा जास्तच जोराने हसलो. आठवडाभरापूर्वी माझ्या बापाला जे मिळाले होते ते मी त्या मुलाकडे ढकलले आणि मला हलके वाटले. चौथीनंतर तो ढोरांमागे गेला. मी पुढे शिकलो, शिक्षक झालो.

त्या परिसंवादात मी गप्प का राहिलो याचे उत्तर इथे आहे. वक्ता जे बोलला ते मी नवव्या वर्षी हसून बोललो होतो.

४

या उतरंडीला पुस्तकांनी कसा हातभार लावला ते पाहू. पहिले पुस्तक म्हणजे मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा खानदेशावरचा बारावा खंड. तो १८८० साली निघाला. आजही कोणताही संशोधक तिथूनच सुरुवात करतो आणि माहितीचा तो साठा मोठाच आहे. पण त्याची बांधणी पाहा. लोक एका प्रकरणात, शेती पुढच्या प्रकरणात, भांडवल आणि सावकारी त्याच्या पुढच्या. लोकांच्या प्रकरणात जाती-जमाती, त्यांचे पोशाख, देव आणि स्वभाव. शेतीच्या प्रकरणात जमीन, अवजारे, पिके. सावकारीच्या प्रकरणात व्याजाचे दर. वावरात हे सारे एका क्षणी, एकाच माणसाच्या अंगावर असते. भिल्ल असणे, दुसऱ्याची ज्वारी निंदणे आणि दिढीचे कर्ज डोक्यावर असणे ही एकच गोष्ट आहे. गॅझेटिअरने तिचे तीन तुकडे केले. त्यामुळे भिल्लाचे दारिद्र्य त्याच्या स्वभावाच्या वर्णनात गेले आणि सावकाराची श्रीमंती अर्थकारणात. १८२५ साली आउट्रमने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली, तेव्हापासून सरकारला भिल्ल दोनच रूपांत कळत होता : बंड करणारा आणि माणसाळवलेला. कष्टकरी हे तिसरे रूप त्याच्या वाट्याला आले नाही. आमच्या साहित्याने हीच प्रकरणवारी पुढे चालवली, हे माझे गाऱ्हाणे आहे.

बहिणाबाई चौधरींची गाणी १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभराने, पुस्तकरूपाने आली. त्या मोठ्या कवयित्री आहेत याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्यांनी स्वतःच्या हाताने शेत कसले, वैधव्य सोसले, आणि अक्षर न शिकता जे रचले त्यापुढे शिकलेल्यांनी मान खाली घातली. माझा आक्षेप त्यांच्या समीक्षेवर आहे. त्यांची भाषा असोद्याच्या बाजूची, लेवा समाजाची. कित्येक मराठी समीक्षकांनी बेधडक तिला अहिराणी म्हटले. ज्यांना लेवा बोली आणि अहिराणी यांतला फरक ऐकू आला नाही, त्यांना भिलोरी आणि पावरी यांतला फरक ऐकू येईल, अशी आशा कशी करावी? दुसरे असे की बहिणाबाईंचे वावर हे ‘खानदेशाचे वावर’ ठरवले गेले. तीही शेतकरीण होती, पण शेत घरचे असलेली. तिच्या कवितेतला घाम खरा आहे, म्हणूनच त्याच कापसाच्या शेतात दुसऱ्याची पाथ धरून चाललेल्या बाईचा घाम कोणी गायला, हे विचारणे समीक्षेचे काम होते. त्या बाईला गाणी नव्हती असे नाही. ती ज्या भाषेत होती ती भाषा ऐकणारा कान आमच्याकडे नव्हता.

भालचंद्र नेमाडे यांनी देशीवादाचा सिद्धान्त मांडला. इंग्रजी साच्यातल्या लेखनाला त्यांनी दिलेला धक्का आवश्यक होता. ते स्वतः यावल तालुक्यातल्या सांगवीचे. त्यांची ‘हिंदू’ ही कादंबरी २०१० साली आली. तिच्यात खानदेशातल्या शेतीवाल्या गावाचा पसारा आहे, नाना जातींची माणसे आहेत, आणि ती आपुलकीने पाहिलेली आहेत. तरीही मला वाचताना सतत जाणवले की पाहणारा डोळा ओट्यावरून पाहतो आहे. ओट्यावरून खूप दूरचे दिसते, पण ओट्याखाली बसलेल्याला ओटा कसा दिसतो ते दिसत नाही. देशीवादाचा ‘देश’ हा कुणब्याचा देश आहे. जमिनीत मूळ असणे हा त्याचा मोठा गुण. पण ज्याला जमीनच मिळू दिली नाही, त्याने मूळ कशात धरायचे? बेचाळीस पिढ्या सांगता येणे हा ज्याचा अभिमान आहे त्याची देशीयता आणि बापाचे साल कोणत्या गावी होते एवढेच ज्याला ठाऊक आहे त्याची देशीयता एक कशी असेल?

इथे जनगणनाही साहित्यासारखीच वागते. १९६१ च्या जनगणनेत सोळाशे बावन्न मातृभाषांची नोंद झाली. १९७१ पासून दहा हजारांहून कमी लोक बोलतात त्या भाषा वेगळ्या दाखवणे बंद झाले. २०११ साली ‘खानदेशी’ या नावाखाली सुमारे १८ लाख ६० हजार माणसे होती. ‘भिली-भिलोडी’ या एका मोठ्या पोत्यात पावरी, वसावी यांसारख्या अनेक भाषा एकत्र भरून, अनेक राज्यांत मिळून, १ कोटी ४ लाख. यांतली एकही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. त्याच जनगणनेत संस्कृत मातृभाषा सांगणारे २४ हजार ८२१ होते आणि संस्कृत अनुसूचीत आहे. कोणती भाषा आणि कोणती बोली, हे बोलणाऱ्यांच्या संख्येने ठरत नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

५

पण हा सगळा हिशेब प्रस्थापितांच्या नावे टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. दलित पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्याने दलित या शब्दात अनुसूचित जाती आणि बौद्धांबरोबर अनुसूचित जमाती, भूमिहीन शेतमजूर, गरीब शेतकरी, कामगार आणि स्त्रिया यांचा समावेश केला. व्याख्या विशाल होती. आमची पाने तेवढी विशाल झाली का?

आमच्या साहित्यातले गाव हे बहुतेक देशावरचे किंवा मराठवाड्यातले गाव आहे. त्याला गावकूस आहे, कुसाबाहेर महारवाडा आहे, बलुते आहे, येसकराची काठी आहे. ‘बलुतं’ १९७८ साली आले तेव्हा आम्ही ते आमचेच म्हणून वाचले आणि ते आमचे होतेच. पण अक्राणीच्या पाड्याला कूस नाही. तिथे घरे डोंगरभर विखुरलेली. तिथे बलुतेदारीची ती चौकट नाही. तिथल्या माणसाला विटाळाच्या शब्दांनी गावाबाहेर काढले नाही; त्याचे गावच जंगल खात्याच्या नकाशात अतिक्रमण ठरले, आणि पुढे सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातली तेहतीस गावे बुडिताखाली आली. हे शोषण आमच्या अनुभवाच्या साच्यात बसत नव्हते, म्हणून आम्ही ते बाजूला ठेवले. सहानुभूती दाखवली, पण आपली भाषा बदलली नाही.

खरे पाहता याच प्रदेशाने आपल्याला शिकवायला हवे होते. १९७१ च्या पाटीलवाडी प्रकरणानंतर शहादा-तळोद्यात जे उभे राहिले ते ‘प्रादेशिक रंग’ म्हणून आले नव्हते. अंबरसिंग महाराजांच्या मागे भिल्ल शेतमजूर उभा राहिला. १९७२ च्या जानेवारीत शहाद्याला भूमुक्तीची परिषद झाली. श्रमिक संघटना उभी राहिली. गेलेल्या जमिनी परत मागितल्या गेल्या, सालदाराच्या मजुरीचा प्रश्न चव्हाट्यावर आला, आणि बायकांनी दारूची मडकी फोडली. १९७४ साली आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा झाला, त्यामागे अशा लढ्यांचा रेटा होता. या लढ्याची भाषा कोणती होती? सभा भिलोरीत होत, पत्रके मराठीत निघत. हा दोन भाषांमधला प्रवास हाच मोठा साहित्यविषय होता.

तो विषय त्याच चळवळीतल्या वाहरू सोनवणे यांनी घेतला. ते भिलोरीत आणि मराठीत लिहितात. त्यांचा ‘गोधड’ हा संग्रह १९८७ साली आला. आदिवासींचे दुःख आदिवासींनाच व्यासपीठावरून समजावून सांगणाऱ्या हितचिंतकांना त्यांनी जे सुनावले ते आपल्यालाही लागू आहे. मी ते पहिल्यांदा वाचले तेव्हा मला राग आला. ‘आम्हीही तेच भोगले आहे,’ असे मनात आले. मग गव्हाणीजवळ बसलेला तो माणूस आठवला.

या लढ्यात गुजर किंवा पाटील ही जात म्हणून शत्रू होती असे मी मानत नाही. त्या समाजांतही कर्जाने पिचलेला, कोरडवाहू शेतकरी आहे. महार म्हणून मी आपोआप निर्दोष आहे असेही मी मानत नाही. उतरंडीचा गुणच असा की तिच्यातले प्रत्येक मडके खालच्या मडक्यावर टेकलेले असते. डच अभ्यासक जान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात बारडोली भागातल्या साखर कारखान्यांसाठी ऊस तोडणाऱ्या मजुरांचा अभ्यास केला. धुळे जिल्ह्यातून गेलेल्या त्या आदिवासी मजुरांना तिकडे ‘खानदेशी’ म्हणत. ज्याला खानदेशाने स्वतःच्या साहित्यात खानदेशी म्हटले नाही, त्याला ते नाव परमुलखात, उसाच्या फडात मिळाले!

६

मग करायचे काय? ‘बोली वाचवा’ ही घोषणा मला पुरेशी वाटत नाही, किंबहुना धोक्याची वाटते. माझ्या वडिलांना मी शुद्ध मराठी बोलावे असे वाटत होते आणि त्यात त्यांची लाचारी होती तशी समजही होती. मालकाची वही मराठीत होती. तलाठ्याचा उतारा मराठीत, कोर्टाचा कागद त्याहून वरच्या भाषेत. बाबासाहेबांनी आपल्याला ज्या भाषांत सत्ता बोलते त्या भाषा शिकायला सांगितल्या, कारण वही वाचता आल्याशिवाय वहीतला आकडा खोडता येत नाही. ज्यांची मुले इंग्रजी शाळेत जातात त्यांनी पाड्यावरच्या मुलाला ‘तुझी गोड बोली जप’ असे सांगणे हा एक नवा ओटाच आहे. मुलाला मराठी मिळाली पाहिजे, इंग्रजीही मिळाली पाहिजे. पण ती मिळवताना त्याला स्वतःच्या आईची भाषा गिळावी लागू नये. मी ती गिळली आहे. तिचा घास अजून घशात आहे.

समीक्षेपुरते बोलायचे तर खानदेशावरचे, किंवा अशा कोणत्याही मिश्र मुलखावरचे पुस्तक हाती आले की आपण तीन प्रश्न विचारावेत. यातले वावर कोणाच्या नावावर आहे? यातली माणसे एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलतात, आणि कोणाला आपली भाषा सोडून दुसऱ्याच्या भाषेत जावे लागते? आणि ज्याला नुसते जातीच्या नावाने हाक मारली आहे, त्याला लेखकाने नाव दिले आहे का? ही फूटपट्टी आपल्या पुस्तकांनाही लावावी, आधी आपल्याच पुस्तकांना लावावी.

कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी करण्यासारखे एक साधे काम आहे. शेतीच्या शब्दांचे संग्रह निघतात. त्यांत नांगर, पाभर, मोट, तिफण यांचे भाग नि भाग असतात. खाडा, उचल, सवाई, दिढी हे शब्द त्यांत शोधा. सापडले तरी त्यांमागचा माणूस सापडत नाही. आश्रमशाळांत आणि महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलामुलींकडून त्यांच्या घरच्या भाषेत, घरच्या कामावर, एक-एक पान लिहून घ्यावे. कोणते पीक, कोणाचे शेत, मजुरी कशी ठरली, ऊसतोडीला निघताना घरात काय बोलणे झाले. आपल्या नियतकालिकांनी ते आधी भिलोरीत, पावरीत, मावचीत छापावे आणि मराठी त्याच्या खाली द्यावी. आजवर मराठी वर आणि बोली तळटिपेत असे चालत आले. तो क्रम उलटा करून पाहावा.

मी निवृत्त झाल्यावर एकदा त्या गावी गेलो होतो. तो मुलगा, म्हणजे आता म्हातारा झालेला माणूस, भेटला. त्याची नात कॉलेजात शिकते. तिने माझी चौकशी मराठीत केली आणि मग वळून आजोबांना त्यांच्या भाषेत काही सांगितले. दोघेही हसले. ते काय म्हणाले हे मला कळले नाही. या मुलखात मी सारे आयुष्य भाषा शिकवण्यात घालवले, आणि माझ्या बरोबरीने वाढलेल्या माणसाचे एक वाक्य मला समजत नव्हते. त्या मुलीला मी विचारले, तू काय म्हणालीस? तिने सांगितले नाही. म्हणाली, सर, तुम्ही शिका ना.

ते मला आता या वयात शिकायचे आहे. आपल्या समीक्षेलाही ते शिकावे लागेल.